एक ते दोनचं ऊन

फोटोग्राफीबद्दल वाचायला घेतलं की पहिला सल्ला असतो: पहाटे बाहेर पडा, नाहीतर सूर्यास्ताच्या आधी. मी पहाटे डबे भरत असते आणि सूर्यास्ताला लोकलमध्ये. माझ्या वाट्याला येते ती फोर्टमधल्या ऑफिसची एक ते दोनची सुट्टी. तेव्हा भर दुपारचं ऊन हेच माझं ऊन.

डिसेंबर-जानेवारीत ते मुळीच वाईट नसतं. मुंबईत तेव्हा सूर्य डोक्यावर येतच नाही. दक्षिणेला कललेला असतो, २१ डिसेंबरच्या माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. माणसाची सावली जवळजवळ त्याच्याएवढी पडते. आणि घड्याळातले बारा म्हणजे इथली माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरची, आपण बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो साडेबाराच्या पुढे.

दादाभाई नौरोजी रस्ता सीएसएमटीपासून हुतात्मा चौकाकडे नैर्ऋत्येला थोडा झुकत दक्षिणेला जातो. त्या दिशेने चालत गेलं की या दिवसांत ऊन समोरून येतं आणि स्टेशनकडे निघालेल्यांच्या सावल्या त्यांच्या आधी आपल्यापर्यंत पोचतात. एक वाजता उजव्या हाताच्या कमानींच्या कडेला ऊन असतं. सुट्टी संपता संपता ते डाव्या बाजूच्या कमानींवर उतरू लागतं. रस्ता ओलांडायचा एवढंच.

हे मला होकायंत्राने नाही, तर बेल्ट-पाकिटं विकणाऱ्या एका काकांनी शिकवलं. मी त्यांच्या मालासमोर बराच वेळ उभी होते. "मॅडम, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक दिसत नाय," म्हणाले. मग विचारलं, काय बघताय? ऊन, म्हटलं. "इथं दोनला येतं. त्याच्या आधी मी ताडपत्री फिरवतो, नाहीतर चामड्याचा रंग उडतो." फेरीवाल्यांना ऋतूनुसार सरकणारं ऊन पाठ असतं. त्यात त्यांचे पैसे अडकलेले असतात, आपले नसतात. आता नव्या गल्लीत गेले की मी आधी ताडपत्र्या कुठल्या बाजूला झुकल्यात ते बघते.

सेटिंग एकदाच लावते: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००, भिंगाचं छिद्र एफ/८, शटर १/८०० सेकंद. उन्हातलं माणूस नीट येतं, मागची कमान काळी होते. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर सोडलं तर तो कमानीतला अंधार उजळवायला जातो आणि डबेवाल्याची पांढरी टोपी पार जळून जाते. उजेडाचा तुकडा शोधायचा, फ्रेम धरायची आणि कुणीतरी त्यात पाऊल टाकेपर्यंत थांबायचं. कुणाच्या मागे धावायचं नाही. डबा उभ्यानेच खावा लागतो, ते वेगळं.

घरी आल्यावर सावल्या अजून गडद केल्या तर ती लबाडी का? मला नाही वाटत. हाँगकाँगचे छायाचित्रकार फान हो यांच्या १९५४ सालच्या गाजलेल्या फोटोतली तिरकी सावली तर त्यांनी डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, घातलेली होती. मात्र उलट्या दिशेची सवय मला खटकते. फोन आपणहून प्रत्येक काळा कोपरा उजळवून ठेवतो आणि सगळा रस्ता एकसारखा, ट्यूबलाइटखालचा दिसतो. फोनवर काढत असाल तर उजेडाच्या ठिकाणी बोट टेकवा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढा, चेहरा दिसेनासा झाला तरी चालेल.

मे महिन्यात मात्र मी हात टेकते. महिन्याच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सावली थेट पायाखाली जाते. कपाळावर झगझगाट, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, माणसं आजारी दिसतात. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि एरवी कोरड्या सावलीत राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर तिरपं ऊन घासून जातं. त्यांचं खडबडीत दगडकाम तेव्हाच काय ते दिसतं. पण जूनपासून ढग, त्यामुळे हाताशी उरतात मेअखेरचे मोजके दिवस. भिंतींचे फोटो त्या दिवसांत काढते, माणसांचे नाही.