राखीव ठेवलेले चार बाइट

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतले इंटरफेस (त्याचे भाग एकमेकांना जोडणारे दुवे) कायम राहतील, अशी हमी तिथे कोणीही देत नाही. एखाद्या फंक्शनची रचना बदलायची असेल, तर बदलणाऱ्याने मुख्य सोर्समधले सगळे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे कोडचे भाग) त्यानुसार दुरुस्त करून द्यायचे, एवढीच अट असते. युजरस्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅमच्या, बाजूला मात्र नियम नेमका उलटा आहे. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर बंद पडला, तर त्या प्रोग्रॅमने चुकीचे काही गृहीत धरले असले तरी दुरुस्ती कर्नलनेच करायची. हा नियम मला मनापासून पटतो, कारण ज्याचे उपकरण अपडेटनंतर चालेनासे होते, त्याच्या हातात बहुधा दुसरा उपायच नसतो.

या नियमाचे खरे वजन मला माझ्याच एका ड्रायव्हरमुळे कळले. त्याच्या आयओसीटीएलसाठी (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला कमांड देण्याची सोय) मी एक स्ट्रक्चर, म्हणजे ठरावीक फील्डांचा डेटाचा साचा, लिहिले होते: आधी ३२ बिटांचा चॅनल क्रमांक आणि त्यानंतर ६४ बिटांचा बफरचा पत्ता. ३२ बिटांच्या एक्स८६ प्रोसेसरवर ते १२ बाइटांचे होते, तर ६४ बिटांवर कंपायलर मध्ये ४ बाइट मोकळे सोडतो आणि ते १६ बाइटांचे होते. स्ट्रक्चरचा आकार आयओसीटीएलच्या क्रमांकातच गुंफलेला असल्यामुळे, ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचा प्रोग्रॅम चालवला की ड्रायव्हरला ती कमांड ओळखूच येत नाही. ही गोष्ट पॅच (कोडमधला बदल) स्वीकारला जाण्याआधीच रिव्ह्यूमध्ये कोणीतरी दाखवून दिली, म्हणून मी त्या मोकळ्या जागी ३२ बिटांचे राखीव फील्ड घातले आणि काम पूर्ण झाले असे समजलो.

ते फील्ड शून्य आहे की नाही, हे तपासायचे मात्र राहून गेले. पुढे फ्लॅग्जसाठी (पर्याय चालू-बंद करणाऱ्या बिटांसाठी) जागा हवी झाली, तेव्हा लक्षात आले की कित्येक प्रोग्रॅम स्ट्रक्चर स्टॅकवर, म्हणजे आधीच्या किमती उरलेल्या तात्पुरत्या मेमरीत, घेतात, लागतील तेवढीच फील्ड भरतात आणि राखीव जागेत जुना कचरा तसाच पाठवतात. आता शून्येतर किंमत नाकारली असती, तर ते सगळे मोडले असते. पहिल्याच दिवशी ती नाकारली असती, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चूक तिथल्या तिथे दिसली असती. शिवाय पुढे नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर चालवला, तर अमुक फ्लॅग इथे उपलब्ध नाही हे त्याला एररवरून स्पष्ट कळले असते.

शेवटी नव्या क्रमांकाची वेगळी कमांड द्यावी लागली. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांत सेकंद मोजून ठेवलेल्या वेळेची मर्यादा संपते, त्या प्रश्नातही हाच मार्ग निवडला गेला: २०१९ साली ५.१ आवृत्तीत ३२ बिटांच्या प्रणालींसाठी ६४ बिटांच्या वेळेचे नवे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागण्याचे मार्ग) आले आणि जुने जागच्या जागी राहिले.

माझी जुनी कमांड आता नव्या फंक्शनला फ्लॅग्ज शून्य ठेवून बोलावते. पहिल्या आवृत्तीच्या वेळी कंपाइल केलेला चाचणी प्रोग्रॅम मी जपून ठेवला आहे आणि प्रत्येक पॅच पाठवण्याआधी तो पुन्हा कंपाइल न करता तसाच चालवून पाहतो.