तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकातला राजवाडा कुठला?

दादरला शिवाजी मंदिरात बालनाट्याचा प्रयोग संपला की मुलांना घेऊन आलेले आईबाबा हमखास थांबवतात. 'तुमच्या नाटकातला राजवाडा खरंच कुठे आहे का हो?'

आहे. दादरहून रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडायची आणि सावंतवाडी रोडला उतरून रिक्षाने गावात यायचं. मोती तलावासमोर जांभ्या दगडाचा तांबूस राजवाडा उभा आहे. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे 1755 ते 1803 या काळातला.

पण त्याच्या कमानी मी घेतल्या नाहीत. मला धरून ठेवलं ते दरबार हॉलने. जिथे मुजरे व्हायचे तिथे चितारी मंडळी मान खाली घालून बसली होती आणि वाटीच्या तोंडाएवढ्या गोल पानांवर बारीक कुंचल्याने देव रंगवत होती. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते! ही कला विझत आली तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ती गावातल्या वृद्ध चिताऱ्याकडून समजून घेतली आणि कारागिरांना आपल्याच वाड्यात जागा दिली. राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हातात धरला. हे ऐकल्यापासून मला सिंहासनाची मातब्बरी वाटेनाशी झाली.

दशावतारी गंजिफेत 120 पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची 12: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. या एका नियमाने परतीच्या गाडीत मला झोपू दिलं नाही. वाडा तोच, पानं तीच, आणि दिवेलागणीला राजा बदलतो!

माझं नाटक ते एवढंच. दिवसाचा राजा वेगळा, रात्रीचा वेगळा, पण मधोमध बसकं मेज घेऊन बसलेली चितारीण दोन्ही वेळा तीच. रंग उडाला की पान ओळखू येत नाही, म्हणून दोन्ही राजांना तिच्यापुढे येऊन बसावं लागतं. एका आयोजकांनी मंचावर सिंहासन ठेवा म्हणून फार आग्रह धरला होता. मी ऐकलं नाही.

गेल्या प्रयोगानंतर परळहून आलेल्या एका मुलीने विचारलं, 'मग तिन्हीसांजेला राजा कोण?' तो प्रवेश नाटकात नव्हता. आता लिहायला घेतलाय.