टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि हाताने फिरवलेले दोन फेरे

परदेशात राहायला लागल्यापासून गाडीची बरीच कामं मी घरीच करतो. इथे मजुरी तासावर असते आणि टायमिंग बेल्टच्या कामात खरा खर्च तासांचाच. बेल्ट म्हणजे रबराचा दातेरी पट्टा, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. तिकडच्या मित्रांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गाडी नीट चालतेय ना, मग बदलायचा कशाला?"

कारण हा बेल्ट बहुतेक वेळा आधी सांगून तुटत नाही. खाली क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आणि वर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा व्हायला हवा, आणि तो ताळमेळ हा बेल्ट राखतो. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून पर्याय राहत नाही. अनेक गाड्यांत बेल्ट बदलण्याची मर्यादा ९० हजार ते १ लाख ६० हजार किलोमीटरच्या दरम्यान असते, सोबत वर्षांचीही असते, आणि यातलं जे आधी येईल ते धरायचं. गाडी कमी चालवणारे वर्षं विसरतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

वॉटर पंप याच कामात का? हा पंप इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, खेळतं ठेवतो, आणि पुष्कळ इंजिनांत तोच बेल्ट पंपही फिरवतो. पंपाचं सील गेलं की कूलंट बेल्टवर येतं, बेअरिंग अडकलं तर बेल्टच जातो. पंप बदलायला पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागतं. म्हणून जुना पंप ठीक दिसला तरी मी तो ठेवत नाही. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी आयडलर पुलीही नव्याच घेतो.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कूलंट भांड्यात उतरवायचं आणि भांडं लगेच झाकायचं. ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेततं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवायची. मग चाक, बाहेरचे बेल्ट आणि इंजिनखाली आधार देऊन माउंट, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा भाग, काढायचं. क्रँक पुलीचा बोल्ट सगळ्यात हट्टी. पाना अडकवून स्टार्टर मारण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण मी ती कधीच करणार नाही. हात मोडू शकतो. पुली धरायचं हत्यार आणि लांब दांड्याचा पाना पुरतो, थोडा वेळ लागतो इतकंच.

आता खुणा. जुना बेल्ट काढण्याआधी पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरला, म्हणजे त्याचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला, आणून क्रँक आणि कॅम दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या. बायको फोटो काढते, प्रत्येक खुणेचा, समोरून. बेल्ट निघाल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम झटकन सरकू शकतो. तसा सरकला तर घाईने क्रँक फिरवायचा नाही.

पंप काढल्यावर बसण्याची जागा स्वच्छ करायची, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडता कामा नये. बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्यानेच, थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. नवा बेल्ट दुमडायचा नाही, तेलकट हात लावायचा नाही. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला तो ताठ हवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे यायला हवा.

यानंतर चावीला हात लावायचा नाही. स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे सावकाश फिरवायचे. कुठे कडक अडलं तर तिथेच थांबायचं, कारण धातू धातूला टेकलेला असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर पुलीवरच्या खुणा पुन्हा जुळायला हव्यात. बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळणार नाहीत, त्याने घाबरू नका. त्या फक्त बसवण्यापुरत्या असतात. एका दाताचा फरक दिसला तरी मी सगळं सोडवून पुन्हा बसवीन. या टप्प्यावर गेलेला तास मला कधीच वाया वाटत नाही.

शेवटी पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरायचं, हीटर चालू ठेवून हवा बाहेर काढायची, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहायची.

तुम्ही हे काम गॅरेजमध्ये करून घेणार असाल, तर आधी विचारा: पंप, टेन्शनर आणि आयडलर नवे घालणार का? जुने भाग परत मागून घ्या. आणि तारीख व किलोमीटर लिहिलेलं स्टिकर बेल्टच्या कव्हरवर लावायला सांगा, पुढच्या मालकालाही ते लागेल.