कार्बनच्या रोड बाइकसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

रोड बाइक म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल. तिची कार्बनची (म्हणजे कार्बन फायबरची) फ्रेम, अर्थात सांगाडा, त्याच दर्जाच्या ॲल्युमिनियम फ्रेमपेक्षा साधारण अर्धा ते एक किलो हलकी असते. स्वारासह एकूण वजन ८० किलो धरले, तर एक किलोची बचत म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. सिंहगडाचा घाट चढायला ज्याला एक तास लागतो, त्याची त्यातून फार तर ४५ सेकंद वाचतात. सपाट रस्त्यावर मुख्य विरोध वाऱ्याचा असल्यामुळे तेवढाही फरक पडत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी मात्र ही ४५ सेकंद मोलाची आहेत, हे मला मान्य आहे.

कार्बन रस्त्याचे हादरे कमी करते, हेही खरे. परंतु २५ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घालून हवा थोडी कमी ठेवली, तर त्याहून अधिक आराम मिळतो. मला खरी काळजी वाटते ती तड्यांची. सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) बोल्ट टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याशिवाय, प्रमाणाबाहेर आवळला किंवा सायकल दगडावर आपटली, तर कार्बनला आतून तडा जाऊ शकतो आणि वरचा रंग शाबूतच दिसतो. ॲल्युमिनियमला पडलेला पोचा निदान नजरेला पडतो.

म्हणून मी कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) असलेली ॲल्युमिनियमची सायकल घेणार असून, उरलेले पैसे चांगली चाके, टायर आणि बाइक फिटिंग (सायकल शरीराच्या मापाला जुळवून घेणे) यांवर खर्च करणार आहे.