हिलशाच्या वाटेवर: डायमंड हार्बर ते फराक्का

पावसाळा उतरणीला लागला असताना कोलकात्याहून डायमंड हार्बरला गेलो. तेथील नगेंद्र बाजारात बर्फात रचलेल्या हिलसा माशांचा लिलाव चालला होता. पूर्वेचा वारा आणि बारीक पाऊस एकत्र आले की जाळी भरतात, असे कोळी सांगत होते. मोसमी पावसाने हुगळीला पूर येऊन मुखाजवळचे पाणी गोडे आणि गढूळ होते, तेव्हा बंगालच्या उपसागरात वाढलेला हा मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध नदीत चढू लागतो. मोठी मादी दहा-वीस लाख अंडी घालू शकते. पिल्ले साधारण दिवसभरात बाहेर पडतात आणि काही महिने नदीत वाढून समुद्राकडे उतरतात.

आम्हा कोकणातल्या लोकांना गाभोळीचा, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांचा, मोह फार. इथला जाणकार मात्र गाभोळी भरलेला हिलसा टाळतो, कारण तेव्हा माशाची चरबी आणि चव दोन्ही उतरलेली असते. पूर्व बंगालातून आलेल्या अनेक घरांत लक्ष्मीपूजेपासून, म्हणजे आपल्या कोजागरीपासून, सरस्वतीपूजेपर्यंत, म्हणजे वसंत पंचमीपर्यंत, हिलसा खात नाहीत. मला हा रिवाज पूर्व किनाऱ्यावरच्या १५ एप्रिल ते १४ जून या मासेमारीबंदीपेक्षा हिलशाच्या अधिक कामाचा वाटतो, कारण ती बंदी उठते आणि मग हा मासा नदीची वाट धरतो. अंडी घालण्याचा मुख्य भर आश्विन पौर्णिमेच्या आसपास असतो. म्हणूनच बांगलादेश त्या सुमारास २२ दिवस मासेमारी थांबवतो. पश्चिम बंगालात २३ सेंटिमीटरहून लहान हिलसा पकडण्यास मनाई आहे, तरी बाजारात तो दिसतोच.

पुढे रेल्वेने फराक्क्याला गेलो. कोलकाता बंदरातला गाळ हटावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीत वळवणारा, सव्वादोन किलोमीटर लांबीचा हा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी हिलसा प्रयागराजपर्यंत आणि क्वचित त्याहूनही वर चढत असे. आता बंधाऱ्यापलीकडे तो नावापुरताच उरला आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हिलसे सोडण्याचे काम हाती घेतले आहे. मला हा उपाय अर्धाच वाटतो, कारण वर सोडलेल्या माशांची प्रजा समुद्रात वाढून परतेल, तेव्हा तिला याच दारांतून वर जावे लागणार आहे.