सव्वीस आठवडे कुठून मोजायचे?

बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांना ती मिळते, त्यापुढच्याला १२ आठवडे. घोळ होतो तो मोजताना. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. 'घेता येतात', घ्यावेच लागतात असं कुठेही नाही. पण ऑफिसातले भाऊसाहेब अर्जावर ८ लिहून मोकळे होतात आणि आपणही सही करतो. मग हातात उरतात १८ आठवडे, म्हणजे चार महिने आणि वर चार-पाच दिवस. डॉक्टर सांगणार सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मस्टरवर सही सुरू होणार पाचव्याच महिन्यात. मधल्या ८ आठवड्यांचं काय, हे घरात कुणी विचारलेलंच नसतं.

तब्येत बरी असेल, काम बसून असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधीची रजा दोन-तीन आठवड्यांवर आणा. एक एक आठवडा नंतर फार कामाला येतो. अर्थात भुसावळहून जळगावला रोज अप-डाऊन करणारीने नवव्या महिन्यात गाडीत उभं राहून हा हिशोब पाळू नये. तारीख मे महिन्यातली असेल तरी तेच. ४३-४४ अंशांत दुपारी स्टँडवर थांबण्यापेक्षा रजा गेलेली परवडली.

कागदाच्या दोन-तीन गोष्टी. खासगी नोकरीत रजेचा पगार मिळायला बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे मालक देत नाही, तिथून येतात, आणि तिथली अट वेगळी आहे. ती आधीच विचारून घ्या. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त, दुधासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. हे फार कमी जणींना माहीत असतं आणि आपणहून कुणी सांगत नाही. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. एमआयडीसीतल्या नोकरीत हे तोंडी विचारण्यापेक्षा अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना आणि राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना रजा दिवसांत मिळते, १८० दिवस.

आता दूध. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसरात्रीत सरासरी पाऊण लिटर दूध घेतं. म्हणजे तासाला साधारण ३० मिली. आई येणं-जाणं धरून नऊ तास बाहेर असेल तर २७० मिली, ९०-९० मिलीचे तीन डबे. एवढंच. डीप फ्रीजर भरून ठेवायच्या नादी लागू नका. तीन-चार दिवसांचा साठा पुरतो, कारण आज कामावर काढलेलं दूध उद्या बाळाला जातं.

तयारी रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करायची. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दूध जास्त असतं, तेव्हा काढायचं. पंप नसला तरी चालतं. हात धुवून अंगठा वर आणि बोटं खाली, काळसर भागाच्या थोडं मागे इंग्रजी सी आकारात ठेवायची. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल सोडायचं. नुसतं टोक चिमटलं तर दुखतं आणि थेंबही येत नाही. पहिले दोन-तीन दिवस वाटीचा तळ भिजेल इतकंच दूध येतं. घाबरू नका, हात बसायला वेळ लागतो. कामावर पहिल्या आठवड्यात 'आज वेळच नाही मिळाला' म्हणून दोन वेळा चुकल्या की छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि पुढच्या आठवड्यात दूधच कमी होतं. दर तीन तासांनी काढायचं म्हणजे काढायचं. आणि जागा मागताना संकोच नको: आतून कडी असलेली कुठलीही स्वच्छ खोली चालते, संडास चालत नाही.

ठेवायला झाकणाचे छोटे स्टीलचे डबे, १० मिनिटं पाण्यात उकळलेले. झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहायची. २५ अंशांपर्यंत काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे छापलेलं असतं. पण एप्रिलमध्ये आपल्या स्वयंपाकघरात २५ अंश पहाटेही नसतात. इथे दूध काढलं की सरळ फ्रीज. मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, कारण दार दिवसभर उघडझाक होतं. तिथे ४ दिवस टिकतं. कामावर फ्रीज नसेल तर जाड अस्तराची पिशवी आणि गोठवलेले आइस पॅक, त्यात २४ तास निभतं. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. बंद दारात चार तास गारवा राहतो. नाहीतर 'बघू बरं अजून थंड आहे का' म्हणून घरातली प्रत्येक व्यक्ती एकेकदा दार उघडून जाते.

घरी कोण सांभाळणार, त्यांना हे सगळं रजेवर असतानाच करून दाखवावं लागतं. कारण नेमकी चूक होते ती प्रेमापोटी. फ्रीजमधून डबा काढला की वर पिवळसर साय आणि खाली निळसर पाणीदार दूध दिसतं. आजी म्हणते फाटलं, आणि मोरीत ओतते. फाटलेलं नसतं, स्निग्ध भाग वर आलेला असतो, डबा हळू गोल फिरवला की मिसळतो. दुसरी चूक गॅसवर तापवायची. गाईम्हशीचं दूध तापवल्याशिवाय द्यायचं नाही ही सवय आयुष्यभराची, ती एका दिवसात कशी जाणार? आईचं दूध उकळायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळाने पिऊन उरवलेलं दोन तासांनंतर टाकायचं. पाजायचं वाटी-चमच्यानेच, बाटली धुवायला अवघड आणि जुलाबाचं मूळ. पहिल्यांदा आईने स्वतः चमच्याने द्यायचा प्रयत्न केला तर बाळ तोंड फिरवतं, कारण आईच्या अंगाचा वास येत असतो. आईने दुसऱ्या खोलीत जायचं, आजीने द्यायचं, आणि बाळ भुकेने रडायला लागायच्या आधी द्यायचं.

आणि पाणी. "पोऱ्याले घोटभर पानी पाज वो माय, कितलं ऊन शे!" हे दारावरून जाणारी प्रत्येक बाई सांगणार. सहा महिन्यांआधी पाणी नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. पाण्याने पोट भरतं, दूध कमी पिलं जातं, आणि नळाला रोज पाणी येत नसलं की साठवणीच्या पाण्याने पोट बिघडतं ते वेगळंच. ऊन वाढलं तर दुधाच्या वेळा वाढवा. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा बाळ मलूल झालं तर थांबू नका, डॉक्टर.

सहा महिने झाले की वरचं अन्न. इथे आपलं घर तयारच असतं, कारण संध्याकाळी बहुतेक घरी तूरडाळीची खिचडी लागतेच. पण आपली खिचडी तिखट-मिठासकट एकाच भांड्यात शिजते, बाळाला वेगळी काढायची म्हटलं तर निघत नाही. म्हणून कुकरमध्ये खिचडीच्या वर छोटा डबा ठेवायचा: दोन चमचे तांदूळ, एक चमचा तूरडाळ, चिमूटभर हळद, दहा-बारा चमचे पाणी. शिजल्यावर चमच्याने घोटायचं, वर अर्धा चमचा तूप. मीठ नाही, साखर-गूळ नाही, वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते पातळपणात. डाळीच्या वरचं पाणी पाजून 'पोट भरलं' म्हणतात; त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. चमचा तिरका केला तर घट्टसर गोळा हळू घसरला पाहिजे, वाहून जायला नको. सुरुवात दोन-तीन चमच्यांची, दिवसातून दोनदा, आणि हळूहळू अर्धी वाटी. जळगावात राहून पाकिटातली पावडर विकत आणणं मला तरी कळत नाही. पिकलेलं केळं काट्याने चेचलं की दुपारचं खाणं झालं.

शिक्षिकांसाठी एक वेगळी अडचण. मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की सगळं वेळापत्रक पहाटेवर जातं, म्हणजे त्या दिवसाचं काम आदल्या रात्रीच. डबे उकळणं, चिकटपट्टी लावणं, आइस पॅक डीप फ्रीजमध्ये टाकणं, हे तीन मिळून एकच काम धरा आणि ते बाळाच्या बापाकडे पूर्ण द्या. 'मदत' म्हणून नाही. मदतीला रोज आठवण करावी लागते. एखाद्या रात्री पॅक गोठवायचा राहिला तर सकाळी बर्फ मागायला शेजारी त्यांनीच जायचं.