तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवर भांडण होत नाही का?

गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, कुठेही आमच्या शिडाच्या बोटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "पोहता येतं का?" दुसरा प्रश्न कुणीतरी मैत्रीण माझ्या कानाशी येऊन विचारते. "खरं सांग, नवऱ्याबरोबर भांडण नाही होत?" पुरुषांनी हा प्रश्न मला आजवर विचारलेला नाही. बायका विचारतात, आणि अरुंद जागेत गाडी लावताना आपापल्या घरी काय घडतं ते आठवूनच विचारत असाव्यात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. होतं. पूर्वी फार व्हायचं. पण दोनच ठिकाणी: बोट धक्क्याला लावताना आणि नांगर टाकताना. मधले पाच-सहा तास अमेरिकेतल्या चेसापीकच्या उपसागरात शिडं भरलेली असली की आम्ही आदर्श जोडपं असतो. तो मला चहासुद्धा करून देतो.

आमची बोट चौतीस फुटी, जुनी, मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसच्या जवळ असते. बोटीला ब्रेक नसतो, हे आधी लक्षात घ्या. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. आणि सुकाणू चालतं ते त्याच्यावरून पाणी वाहतं म्हणून. बोट जितकी हळू, तितकी ती तुमचं कमी ऐकते आणि वाऱ्याचं जास्त. म्हणजे धक्क्याजवळ जोरात जाणं धोक्याचं, आणि हळू जावं तर वारा बाजूला ढकलतो. त्यात एक माणूस मागे चाकावर, दुसरं पुढच्या टोकाला, मध्ये तीस फूट. मागच्याच्या पायाखाली इंजिन धडधडतंय. नांगर टाकताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे असतं, त्यामुळे पुढच्याचं बोलणं वाऱ्याबरोबर मागे पोचतं, मागच्याचं पुढे येत नाही. म्हणून मागचा ओरडतो. ओरडणारा माणूस रागावलेलाच वाटतो, मग तो "छान चाललंय" असं का ओरडत असेना. शेजारच्या बोटींवरच्या माना वळतात, आणि मग आपल्याला खराच राग येतो.

पण आमची अडचण निव्वळ आवाजाची नव्हती, भाषेची होती. घरात आम्ही काय बोलतो ते मी एकदा मुद्दाम ऐकलं. "ते दे ना." "ते नाही गं, ते." "तिकडे ठेव, त्याच्या बाजूला." तीस वर्षांच्या संसारात नामं गळून पडतात, सर्वनामांवर भागतं. स्वयंपाकघरात हे चालतं, कारण चुकलं तर फार तर साखरेऐवजी मीठ हातात येतं. बोटीवर एका वेळी चार दोर असतात आणि चारही "तो".

या भाषेनं आमचा घात केला तो सात वर्षांपूर्वी जुलैमध्ये. आमची स्लिप, म्हणजे बोट लावायची जागा, चार लाकडी खांबांच्या मध्ये आहे. वारा डावीकडून चांगलाच होता. तो चाकावर, मी डाव्या बाजूला बोटीच्या मध्यावर. हातात दोर, त्याचं एक टोक बोटीच्या क्लीटला, म्हणजे दोर गुंतवायच्या खुंटीला, बांधलेलं. स्लिपच्या तोंडाशी असलेल्या डाव्या खांबावर दोराचा फास टाकायचा, की बोट वाऱ्याच्या बाजूनं धरून ठेवता येते. फास टाकला तो खांबाच्या एका जुन्या खिळ्यावर अर्धवट अडकला. मी ओढतेय, तो निघेना, बसेना. बोट पुढे चाललेलीच. त्यानं मागून पाहिलं आणि ओरडला, "सोड!"

मी झटका देऊन फास काढला आणि दोर सोडला. अख्खा. पाण्यात.

त्याचं म्हणणं होतं, "सोड, म्हणजे राहू दे, पुढचा खांब घे." तेवढ्यात त्यानं थांबण्यासाठी इंजिन उलटं टाकलं. पाण्यातला दोर सरळ बोटीखालच्या पंख्यात गेला, दोन गुरगुराट झाले आणि इंजिन बंद. आता आम्हाला ना ब्रेक, ना सुकाणू. वाऱ्यानं आम्हाला अलगद उचलून उजवीकडच्या बोटीवर नेलं. तिथले आजोबा बियर पीत बसले होते. त्यांनी कॅन खाली ठेवला, एक फेंडर, म्हणजे बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून लावायची उशी, उचलून बरोबर त्या जागी लटकवला, आणि आम्ही टेकल्यावर कॅन परत उचलला. एक अक्षर बोलले नाहीत. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी नवरा पाव कापायची सुरी घेऊन पाण्यात उतरला. जुलैत आमच्या उपसागरात जेलीफिश भरपूर असतात. मान आणि मनगटं लाल करून घेऊन, दोराचे तुकडे हातात धरून तो वर आला. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं ते बोटीवरून नव्हे, व्याकरणावरून. "सोड म्हणजे सोडून दे गं!" "मग सोडलाच ना!" दोघंही बरोबर होतो, म्हणून ते रात्री एकपर्यंत चाललं.

त्यानंतर आम्ही शब्दांवर बंदी घातली. 'ते', 'तो', 'तिकडे' बंद. 'सोड' बंद. 'थांब' बंद, कारण तो नांगराची साखळी थांबव म्हणून ओरडायचा आणि मी जागच्या जागी थांबायची. आणि 'अगं' बंद. 'अगं'ला अर्थ काहीच नसतो, पण त्यात सूर इतका असतो की पुढचं वाक्य ऐकायच्या आत मी चिडलेली असते. (मीही 'अरे' सोडला. तो जास्त कठीण गेला.)

मग नवे शब्द कुठून आणायचे? ते माझ्याकडे लहानपणापासून होते. माझे बाबा मुंबईच्या गोदीत क्रेनखाली उभं राहून हात करायचे. माल खाली घ्यायचा तर 'आरिया', वर उचलायचा तर 'हबेस'. 'आरिया' पोर्तुगीजांकडून खलाशांच्या बोलीत आलेला, मूळ शब्द 'आरियार', म्हणजे खाली उतरवणं. आम्ही घरातसुद्धा माळ्यावरून पिंप काढताना हेच म्हणायचो. आता आमची साखळी खाली जाते ती 'आरिया'वर आणि वर येते ती 'हबेस'वर. दोन्हीत गल्लत होत नाही, दुसरा काही अर्थ निघत नाही, आणि रागानं म्हणायचे म्हटले तरी म्हणता येत नाहीत.

दुसरं म्हणजे बोलायचं ते आधी. धक्का लांब असतानाच एक गोल चक्कर मारतो आणि सगळं ठरवतो. कुठली बाजू, कुठला दोर पहिला, आणि फसलं तर काय. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. 'फसलं तर बाहेर निघून पुन्हा यायचं' हे आधीच ठरलेलं असलं की ऐनवेळी कुणी उडी मारायला जात नाही. पूर्वी मी मारायची. दोर हातात घेऊन चार फुटांवरच्या फळीवर, पन्नाशीत. आता लांब धक्का असेल तर पहिला दोर बोटीच्या मध्यावरून जातो, मी बोटीवर उभी राहूनच तो धक्क्याच्या क्लीटला गुंतवते. तो एकदा बसला की इंजिन अगदी हळू पुढे आणि चाक धक्क्यापासून उलटीकडे. बोट त्या एका दोरावर धक्क्याला चिकटून उभी राहते. मग बाकीचे दोर चहा पीत बांधा.

हेडसेटचंही विचारता. इकडचे शिडवाले त्याला लग्न वाचवणारं यंत्र म्हणतात. आम्हीही घेतले. ओरडणं थांबलं हे खरं. पण नवऱ्याचा उसासा थेट कानात येतो त्याचं काय? तो चाकावर असताना स्वतःशी पुटपुटतो हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. एक मोसम वापरले, आता ते ड्रॉवरमध्ये आहेत. आम्ही हातांवर आलो.

आणि जागा बदलल्या. खरं तर हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. आमचा नांगर पस्तीस पौंडांचा, त्यावर चिखलानं माखलेली साखळी. चाक फिरवायला आणि गिअर टाकायला मात्र दोन बोटं पुरतात. तरी बहुतेक बोटींवर नवरा चाकावर आणि बायको पुढे नांगर ओढतेय. का, तर कॅप्टन तो. मी बायकांसाठीच्या एका कोर्सला गेले, तीन दिवस नुसतं धक्क्याला लावणं आणि काढणं, आणि आले ती चाकावर बसले. अ‍ॅनापोलिसच्या गावात मध्यापर्यंत एक अरुंद खाडी जाते. दोन्ही बाजूंना टेबलं, खाणारे-पिणारे लोक. तिचं टोपणनावच 'ईगो अ‍ॅली'. शेवटी जागा नाही म्हणून तिथल्या तिथे बोट वळवावी लागते. आमच्या बोटीचं मागचं टोक रिव्हर्समध्ये डावीकडे सरकतं, म्हणून उजवीकडे वळायचं: थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, चाक उजवीकडेच ठेवून. मी पहिल्यांदा वळवली तेव्हा टाळ्या पडल्या. धक्क्यावरच्या मुलानं दोर घेतला आणि पुढे उभ्या नवऱ्याला म्हणाला, "मस्त वळवलीत, कॅप्टन!" नवऱ्यानं थँक्यू म्हटलं. यावरून झालं ते भांडण मी बोटीच्या खात्यात धरत नाही.

नांगर टाकताना आता आमच्यात शब्दच नसतात. ऱ्होड नदीच्या मुखाशी आमची नेहमीची जागा आहे. पाणी 8 फूट, पाण्यापासून बोटीचं टोक 4 फूट वर (हे चार लोक हमखास विसरतात), भरतीचा 1 फूट, एकूण 13. त्याच्या पाचपट, 65 फूट साखळी. संध्याकाळी गडगडाट होणार असेल तर सातपट, 91. हा हिशोब आधीच झालेला असतो, साखळीवर दर 25 फुटांवर रंगाचे पट्टे आहेत. तो नांगर तळाला लावतो, मी बोट मागे पडू देते. सगळी साखळी गेली की तो मूठ वर करतो. मी हळूच रिव्हर्स टाकते. तो साखळीवर पाऊल ठेवून उभा राहतो, अनवाणी. नांगर चिखलात घासत असेल तर साखळी खडखडते, ती थरथर तळव्याला कळते. धरला असेल तर साखळी ताणून गप्प होते. मी तोवर काठावरचं एक झाड आणि त्यामागचं धुराडं एका रेषेत धरून बघत असते. दोन्ही एकमेकांवरून हलली नाहीत की आम्ही बसलो. तो मागे वळतो, मी इंजिन बंद करते. त्या क्षणी जी शांतता होते ना, तिच्यासाठी आम्ही हे सगळं करतो.

हातांच्या खुणा मात्र सुरुवातीला चुकायच्या. उन्हाकडे तोंड असलं की मला त्याची बोटं दिसायची नाहीत. मी डोंबिवलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या खुणा करून दाखवल्या. बाबा शहाऐंशीचे. त्यांनी शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाले, "बोटं कशाला नाचवतोय? क्रेनवाल्याला बोट दिसत नाही, कोपर दिसतं. कोपर अंगापासून लांब काढायला सांग जावयाला." मग खुर्चीतून उठून त्यांनी दाखवलं. हात खाली सरळ, मनगट फिरतंय: आरिया. हात वर, कोपर बाहेर: हबेस. चाळीस मजूर समोर असल्यासारखे उभे होते.

मागून आईचा आवाज आला, "अहो, ते द्या ना जरा."

त्यांच्यासमोरच्या टेबलावर औषधं, चष्मा, रिमोट, पेपर, पंचांग, काय काय होतं. बाबांनी माझ्यावरची नजर न काढता डाव्या हातानं अडकित्ता उचलला आणि मागे धरला.